शुक्रवारचं सुतक

विसावा हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो एका फार्महाऊसच्या पाटीवर. कर्जतहून चौककडे जाताना भाताची खाचरं मागे मागे सरकत गेली, त्यांच्या जागी कुंपणं आली आणि प्रत्येक कुंपणाला एक नाव: विसावा, निवांत, एकांत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मला घरातून आणि चर्चमधून जेवढं मिळालं तेवढंच. त्यामुळे विसावा म्हणजे स्विमिंग पूल असलेलं घर, अशी माझी पक्की समजूत होती. थकलेल्या, ओझ्याखाली दबलेल्या माणसांना येशू स्वतःकडे बोलावतो आणि विसावा देतो, असं पाळकसाहेब रविवारी सांगायचे, तेव्हा मला वाटायचं की येशूचंही चौकच्या बाजूला कुठेतरी फार्महाऊस असणार आणि आपल्याला तिथे कोणी नेत कसं नाही. हे मी एकदा आईला विचारलं. ती आधी हसली, मग देवाची थट्टा करते म्हणून तिने मला एक धपाटा घातला आणि मग परत हसली. पुढे मी तशाच एका कुंपणाच्या आत नोकरीला लागले, लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून थोडं आत. तेव्हा लक्षात आलं की माझी समजूत अगदीच चुकलेली नव्हती. फक्त तिथला विसावा आमच्यासाठी नव्हता. आम्ही तो ट्रेमध्ये ठेवून दुसऱ्यांना द्यायचो.

आमचं घर कर्जत स्टेशनच्या मागच्या बाजूला. आजोबा नगरकडून रेल्वेत आले, पप्पाही रेल्वेतच लागले. पप्पा पॉइंट्समन होते. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला मागून इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ते बँकर गाडीला जोडायचं काम पप्पांचं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, मग आखूड शिट्टी, मग लांब शिट्टी, एवढ्यावर आमच्या घराचं घड्याळ चालायचं. फोडणी घालता घालता आई थांबायची, कान द्यायची आणि म्हणायची, "जोडली." त्या वेळी पप्पा ड्युटीवर असोत नसोत, तिच्या लेखी प्रत्येक गाडी त्यांनीच जोडलेली असायची. शनिवारी संध्याकाळी घराला वेगळा वास यायचा. आई येसर भाजायची, नगरकडचा काळपट मसाला, कारण रविवारी मटण. मग पांढऱ्या कपड्यांना इस्त्री, आणि इस्त्रीबरोबर एखादं गीत, तेही एकाच कडव्यावर अडकलेलं. शेजारच्या भगतकाकू भिंतीवरून डोकावून ओरडायच्या, "साळवेबाई, आमाला नुसता वासच पाजता का गं?" रविवारी दुपारी त्यांच्याकडे वाटी जायची आणि ती तांदळाच्या भाकरीसकट परत यायची. आम्ही बाजरीची खायचो, त्यावरून त्या आम्हाला चिडवायच्या. मी लाजाळू होते, त्यामुळे वाटी पोचवताना दारातच ठेवून पळून यायचे. बोलायचं कोणाशी आणि कोणत्या भाषेत, हे मला कधी ठरवताच आलं नाही. शाळेत माझं इंग्रजी वाखाणलं जायचं, घरी माझ्या मराठीला हसायचे. म्हणून मी ऐकत राहिले.

पप्पा रिटायर झाले आणि घरातलं काहीतरी बिघडलं. पेन्शन होती, भागत होतं, प्रश्न तो नव्हताच. प्रश्न हा होता की आमच्या वस्तीत कोणालाही नुसतं नाव नव्हतं. एक गार्ड होते, एक बुकिंगवाले होते, एक केबिनमन होते, आणि आमचे पॉइंट्समन साळवे. त्यातला पॉइंट्समन गेल्यावर साळवे कोण, हे पप्पांनाच कळेना. त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. चांगला चालणारा कुकर खोलून परत जोडला. रस्त्यात कोणी विचारलं, "काय साळवे, आता काय करता?" की ते घड्याळ बघायचे आणि घाईत असल्यासारखे निघून जायचे. हळूहळू त्यांनी बाजारात जाणं सोडलं. मला आजही त्या प्रश्नाचा संताप येतो. तिशी ओलांडली, तरी लग्नात, पंगतीत, डॉक्टरच्या खोलीबाहेर अनोळखी माणूस पहिली चौकशी हीच करतो, आणि उत्तर ऐकून त्याच्या चेहऱ्यावर लगेच ठरतं की माझ्याशी किती वेळ बोलायचं. चर्चमध्येसुद्धा तेच. मला रिसॉर्टवर रिसेप्शनला नोकरी लागली तेव्हा महिला संघाच्या सभेत आभाराची प्रार्थना झाली. मग रविवार हाच कामाचा सगळ्यात मोठा दिवस निघाला आणि माझं चर्चला जाणं बंद झालं. तेव्हाही सगळे म्हणत राहिले, "देवाने काम दिलंय, स्तुती असो." मी दमले आहे का, असं एकाही माणसाने विचारलं नाही.

रिसॉर्टचा मॅनेजर भोईर त्याच भागातला. आता जिथे स्विमिंग पूल आहे तिथे त्याच्या आजोबांचं खाचर होतं, हे तो गेस्टना हसत हसत सांगायचा. त्या पाण्यात मी त्याला कधी पाय बुडवतानाही पाहिलं नाही. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून धावायचा, उभ्या उभ्या वडापाव खायचा आणि आम्हाला आमच्या खात्याच्या नावाने हाका मारायचा: "ओ हाउसकीपिंग! ओ रिसेप्शन!" मुंबईत बसलेल्या शेठना माझं नाव अवघड वाटलं. सुवार्ता. गेस्टना जमणार नाही म्हणाले, आणि माझ्या छातीवर स्वीटी अशी पट्टी लावली. जन्मल्यावर काही महिन्यांत, मला धड बसताही येत नव्हतं तेव्हा, पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी घालून मला ते नाव दिलं होतं. शुभवर्तमान असा त्याचा अर्थ. तो एका फोनवर खोडला गेला आणि मी मान हलवून "ओके सर" म्हटलं. हाउसकीपिंगला जनाबाई होती, डोंगराखालच्या वाडीवरची. तिला ती पट्टी वाचता यायची नाही, म्हणून ती एकटीच मला "पोरी" म्हणायची.

मग एका वर्षी पप्पांनी मला न विचारता भोईरला विचारलं आणि ते आमच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. मला कळलं ते त्यांना निळ्या कपड्यांत बघूनच. गाडी आली की ते उठून सलाम ठोकायचे. काचा बंद असायच्या. आतलं कोणी बघायचंही नाही. पण पप्पा खूष होते. घरी परतल्यावर आईला सांगायचे, "आज ड्युटी टाइट होती." त्यांचा ताठ झालेला पाठीचा कणा बघून आईने मला डोळ्यांनी दटावलं, की बोलू नकोस. मी बोलणारी नव्हतेच. पण काउंटरमागून गेट दिसायचं, आणि प्रत्येक सलामाला मी रजिस्टरमध्ये मान घालायचे.

गुड फ्रायडेची सुटी मी खूप आधी मागितली होती. भोईर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "मॅडम, तुमचा सन हाय म्हनूनच तर हाऊसफुल हाय ना! शुक्रवार, शनिवार, रविवार. तुमालाच सोडला तर रिसेप्शनला काय पुतळा बसवू?" मी सांगायचा प्रयत्न केला, की तो सण नाही, त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. तो म्हणाला, "मंग काउंटरवर करा ना पूजा, कोन बघतंय." त्या दिवशी आमच्याकडे उपास असतो. चर्चमध्ये वधस्तंभावरचे सात उद्गार एकेक करून घेतात, सात माणसं त्यावर बोलतात. सहावा उद्गार, काम पुरं झाल्याचा, वर्षानुवर्षं पप्पांचा होता. ते फार काही बोलायचे नाहीत, पाठ केलेली चार वाक्यं म्हणायचे आणि बसायचे. पण तो त्यांचा होता. त्या वर्षी पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ड्युटी आहे साहेब."

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं उपाशीपोटी पोचलो तर गेटवर फ्लेक्स लागला होता. फुगे, झालर आणि मोठ्या अक्षरांत हॅपी गुड फ्रायडे. पूलवर डीजेची खोकी लावत होते. मी फ्लेक्सकडे बघितलं, पप्पांकडे बघितलं. पप्पा टोपी नीट करत होते. अकराच्या सुमाराला गाड्यांची रांग लागली. मी हसून सरबत आणि चाव्या देत होते, आणि गळ्यात सनग्लास लटकवलेला एक माणूस माझ्या गळ्यातला छोटा क्रूस बघून म्हणाला, "ओह, हॅपी गुड फ्रायडे, स्वीटी!" मी "सेम टू यू सर" म्हटलं. ते शब्द तोंडातून गेले तेव्हाच माझं डोकं तापायला लागलं होतं. तेवढ्यात भोईरचा फोन वाजला. शेठ स्पीकरवर होते. "अरे भोईर, क्रिसमस का वो सांता का ड्रेस पडा है ना? निकालो उसको. गेट पे खडा करो किसी को. बच्चे लोग खूष हो जाएंगे."

"येस शेठ," भोईर म्हणाला आणि जनाबाईला स्टोअरमध्ये पिटाळलं. ती डांबरगोळ्यांचा वास मारणारं लाल गाठोडं घेऊन आली. कापसाची दाढी एका बाजूने पिवळी पडलेली. भोईरने ते थेट गेटवर नेलं. "काका, तुमीच घाला. तुमचाच हाय ना तो?"

पप्पा म्हणाले, "साहेब, तो डिसेंबरमध्ये असतो."

"आवो, पोरांना काय कळतंय डिसेंबर न् एप्रिल! येक दोन तास उभं राहायचं, टाटा करायचं, चॉकलेट द्यायचं."

आणि पप्पांनी ते घेतलं. उन्हात, टोपी काढून बाकावर ठेवून, त्यांनी एक हात लाल बाहीत घातला. मी काउंटरमागून निघाले कधी, पायऱ्या उतरले कधी, मला आठवत नाही. दुकानात सुटे मागायलाही जिची जीभ टाळ्याला चिकटायची, ती मी गेस्टच्या गर्दीतून त्यांना ढकलत गेले. पप्पांच्या जवळ पोचले तेव्हा त्यांनी दाढी हातात घेतली होती. मला बघून ते हळूच म्हणाले, "ड्युटी म्हणजे ड्युटी, सुवा." त्यांच्या आवाजात विनंती होती. ड्युटी गेली तर मी परत कोणी नाही, अशी ती विनंती होती, आणि ती ऐकून मला त्यांचा, भोईरचा, शेठचा, चाव्या घेणाऱ्या प्रत्येक हाताचा एकदमच राग आला.

"काढा ते," मी म्हटलं. मग भोईरकडे वळले. इंग्रजीत ओरडावं असं वाटत होतं, वाक्यंही तयार होती, पण तोंडातून आली ती घरची भाषा. "भोईर साहेब, आज आमच्यात मयत आहे."

भोईरचा चेहराच उतरला. "काय सांगता? कोन गेलं?"

"आमचा देव."

त्याने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी, एक बाही लाल आणि एक निळी, मान हलवली.

"कवा?"

"आज. बारा ते तीन."

"आयला," भोईर म्हणाला. "मंग त्या फ्लेक्सवर हॅपी का लिवलंय?"

"तुम्हीच छापलंय."

भोईरच्या मागून गेटवर आलेल्या जनाबाईने कपाळाला हात लावला. "आगं बया! मयतीच्या दारात डीजे लावलान् ह्यांनी. आनि ह्या म्हाताऱ्याला सोंग घालताय व्हय? लाज वाटू दे जरा."

"तू गप गं! मला कोनी सांगितलं का?" भोईर खरोखरच हादरला होता. त्याने पप्पांच्या अंगावरची बाही स्वतःच्या हाताने ओढून काढली. "काका, आमच्यात सुतक असलं तर देवाला पन हात लावत नाय. आनि तुमी हितं सलाम मारताय? मॅडम सरबत वाटतायत? सुतकात कोन काम करतं का? काम बंदच असतंय सुतकात! जा, घरी जा दोघं. बर्फाचा टेंपो कर्जतला रिकामा चाललाय, त्यात बसा." मग त्याने शेठना फोन लावला, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं: "शेठ, सांता कॅन्सल. उनके घर में मैयत है… हां, आज ही… गॉड… नहीं शेठ, उनका खुद का."

टेंपोत मागे पाणी ठिबकत होतं. पप्पा ड्रायव्हरशेजारी, मी खिडकीशी. सुटका झाली म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण माझा राग वाढतच होता. महिनोन्महिने मी म्हणत होते की मला रविवारी प्रार्थनेला जायचंय, माझी पाठ दुखते, मला एक दिवस हवाय, आणि ते कोणाच्या कानातही शिरलं नव्हतं. मयत म्हटल्यावर मात्र गाडीसुद्धा मिळाली. म्हणजे माणूस जिवंत असेपर्यंत त्याला थांबायचा हक्क नाही? कोणीतरी मेलं तरच काम बंद? ही कसली रीत? टेंपो चौकच्या नाक्यावर वळेपर्यंत मी मनातल्या मनात भोईरशी भांडत होते, आणि मग अचानक पुढे भांडायला काही उरलं नाही. कारण चर्चमध्ये लहानपणापासून दुसरं काय सांगत आले होते? कोणीतरी मेलं म्हणून तू आता थांबू शकतेस. मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं आणि त्याचा अर्थ मला एका भाताच्या खाचरातून आलेल्या मॅनेजरने सुतक या शब्दात सांगितला होता. त्याला स्वतःला तो कळला नव्हता. मला तरी कुठे पूर्ण कळला होता.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा चौथा उद्गार चालू होता. आईने आम्हाला बघितलं आणि काही न विचारता बाकावर सरकली. मी बसले, आणि सांगायला लाज नाही, मी झोपले. आईच्या खांद्यावर डोकं टेकून, पाचवा उद्गार पूर्ण झोपून काढला. मला कोणी हलवलं नाही. एरवी लहान पोरं जांभई द्यायला लागली की मागून चिमटे काढणाऱ्या बायका त्या दिवशी गप्प राहिल्या. मला जाग आली ती पप्पांच्या आवाजाने. सहाव्या उद्गाराला पाळकसाहेबांनी त्यांना बोलावलं होतं. ते निळ्या कपड्यांतच उभे होते. पाठ केलेली चार वाक्यं त्यांनी म्हटलीच नाहीत.

"मी बँकर जोडायचो," ते म्हणाले. "गाडी घाट चढते, लोणावळ्याला बँकर सोडतात. पुष्कळदा ते इंजिन सुटंच खाली येतं. पाठीमागे डबा नाही, पुढे डबा नाही. मी रोज बघायचो, पण त्याच्याविषयी विचार केला नाही. मला सोडलं तेव्हा वाटलं, मी भंगारात गेलो. म्हणून परत कुठंतरी जोडून घ्यायला धडपडत होतो. आज मला एक सोंग घालायला दिलं, आणि मी ते घालत होतो." पुढच्या बाकावरचे रिटायर गार्ड खाली बघत होते. "ह्याने सांगितलं, काम पुरं झालं. माझं नाही, ह्याचं. तर मग मला आता काय सिद्ध करायचंय?" एवढं बोलून ते खाली आले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

मी त्या बाकावर कसलीही शपथ घेतली नाही, मला कोणतंही दर्शन झालं नाही. पण डोक्यावर पाणी घालून नाव दिलेलं ते मूल मला स्पष्ट दिसलं. त्याला चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, त्याने कोणाला एक ग्लास पाणीसुद्धा दिलं नव्हतं, आणि तरी त्याला आपलं म्हटलं गेलं होतं. नंतर मी मिळवलेलं इंग्रजी, नोकरी, "ओके सर", यातलं काहीही त्या आधीचं नव्हतं. मी आजही काम करते, आवडीने करते, आणि कोणी कामाला नावं ठेवली तर मला तेही खपत नाही. पण काम माझ्याकडे येतं तेव्हा मी आधीच कोणाची तरी असते. हे कळायला मला त्या दिवसाइतकं रागवावं लागलं, याचा मात्र अजून राग येतो. उपासना संपल्यावर घरी आईने नाचणीची पेज दिली. आम्ही तिघांनी ती प्यायली.

रविवारी पहाटे कबरस्तानात पुनरुत्थानाची उपासना झाली, मेणबत्त्या, गीतं, मोगऱ्याचे हार. परत येऊन आईने मटण चढवलं. मी भाकऱ्यांचं पीठ मळत होते तेव्हा फोन वाजला. भोईर. पाठीमागे डीजेचा दणदणाट.

"मॅडम, येक विचारायचं व्हतं. सुतक किती दिवसांचं असतंय तुमच्यात? धा का तेरा?"

"संपलं, साहेब. आज पहाटे."

"येवढ्या लवकर?"

"हो. उठला तो."

"कोन?"

"जो गेला होता तो."

मग तो जपून म्हणाला, "मंग तर चांगलंच झालं की. मंग आता कामाला यायला हरकत नाय ना?"

"आज रविवार आहे. मी आज येणार नाही. पुढच्या रविवारीही नाही."

"शेठ ठेवनार नाय मॅडम तुमाला. खरंच सांगतो."

"नको ठेवू देत." माझे हात पिठाने भरलेले होते, फोन खांद्याने दाबून धरला होता. मी शब्द परत घेतले नाहीत.

"आनि काका?"

मी फोन पप्पांच्या कानाला लावला. ते दारात कांदे चिरत बसले होते. त्यांनी भोईरचं सगळं ऐकून घेतलं, हं हं केलं, आणि मग विचारलं, "भोईर, तुम्ही जेवलात का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"म्हणजे नाही. मग इकडे या. मटण शिजतंय."

"काका," भोईरचा आवाज आता मलाही ऐकू येत होता, डीजेपासून तो लांब आला असावा, "आवो, मी तिथं कोन म्हनून येऊ?"

पप्पांनी सुरी खाली ठेवली. "जेवायला येणारा माणूस म्हणून," ते म्हणाले. "आणखी कोण व्हायचंय? निघा लवकर, भाकऱ्या गार होतील."